अभिप्राय कळवावा

त्या दिवशी मी पोस्टात गेलो होतो तो दोन आंतरदेशीय पत्रं आणायला. भाद्रपदातली दुपार, पाऊस थांबलेला, जमिनीतून वाफ निघत होती. खिडकीमागे काळू पोस्टमन डाक लावत बसला होता. मला पाहून त्याने मान खाली घातली. हंसाला जाऊन तेव्हा बावीस दिवस झाले होते आणि डहाणूतली बहुतेक माणसं मला पाहिलं की अशीच दुसरीकडे बघायची.

"मास्तर, एक कार्ड आलंय," तो हळूच म्हणाला. "तिच्यातलं."

तिच्यातलं म्हणजे काय, ते तुम्हाला आधी सांगायला हवं.

हंसा माझी एकुलती मुलगी. तिची आई ती चार वर्षांची असताना गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. एकसष्ट साली, तेविसाव्या वर्षी, तिने स्वतःची रेकॉर्ड काढली. 'उधाण' नाव. दोन बाजू, एकेक तीन मिनिटांची. पहिल्या बाजूला ती गायची, पण साथीला पेटी-तबला नव्हता. मासळीच्या टोपल्या आपटल्याचा ठेका होता, होडीच्या लाकडाची करकर होती, आणि मध्येच गाणं थांबून नुसता तिचा श्वास ऐकू यायचा. दुसऱ्या बाजूला तलासरीकडचा शुक्रा भगत होता. काशाच्या थाळीत मेणाने उभी काडी चिकटवायची आणि ती ओल्या बोटांनी वरून खाली ओढायची, की थाळी घुमायला लागते. त्या घुमण्यावर तो गायचा आणि हंसा त्याच्या मागे नुसता सूर धरायची.

पन्नास प्रती निघाल्या. प्रत्येक प्रतीत तिने आमचा पत्ता घातलेलं एक कार्ड ठेवलं. वर तिच्या अक्षरात एकच ओळ: 'अभिप्राय कळवावा.'

लोकांनी कळवला. गाण्याच्या एका शिक्षकांनी लिहिलं, "मुलीचा गळा चांगला आहे, तो असा उकिरड्यावर का टाकला?" एका वकिलांनी लिहिलं, "मासळीबाजार ऐकायला मला रेकॉर्ड लागत नाही, खिडकी उघडली की पुरे." कुणी लिहिलं की रेकॉर्ड लावल्यापासून घरातलं मांजर परतलेलं नाही. हंसा ही कार्डं ओसरीवर बसून वहीत चिकटवायची आणि हसून हसून मला वाचून दाखवायची. मला हसू येत नव्हतं. ज्यांनी जन्मात एक ओळ गुणगुणली नाही, त्यांनी माझ्या मुलीच्या दीड वर्षाच्या कामावर दीड ओळीत थुंकावं, याची मला चीड यायची. "बाबा, त्यांनी ऐकलं ना पण?" ती म्हणायची. "ऐकलं म्हणून तर चिडले."

ती गेल्यावर आलेलं हे पहिलं कार्ड. मी ते पोस्टाच्या पायरीवरच वाचलं.

"थाळीची बाजू म्हणजे डब्यात भुंगा कोंडल्यासारखी. ते एक वेळ चालेल. पण शेवटी मुलगी पाणी मागते, हा नाटकीपणा कशाला? तेवढं गाळायला हवं होतं. — चंद्रा, लाउडस्पीकरवाला, चिंचणी."

मी ते दोनदा वाचलं. रेकॉर्डमध्ये कुणी पाणी मागत नाही. पाणी मागितलं होतं ते हंसाने, तापात, शेवटच्या चार दिवसांत. वैद्यांनी पाणी तोडायला, थेंबही न द्यायला सांगितलं होतं. "बाबा, थेंबभर," ती म्हणायची. मी म्हणायचो, "देतो हं." आणि द्यायचो नाही. खोलीत आम्ही दोघंच असायचो. ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नव्हती.

तीनची एस.टी. पकडून मी थेट चिंचणीला गेलो. सगळ्या वाटेवर सुकत घातलेल्या मासळीचा वास होता आणि माझ्या डोक्यात एकच विचार: कुणीतरी खिडकीला कान लावला असणार, आणि आता तिच्या तहानेची थट्टा चालली आहे.

चंद्रा अंगणात कर्णा पुसत होता. लग्नकार्यात रेकॉर्डी वाजवण्याचा त्याचा धंदा. मी कार्ड त्याच्यासमोर धरलं.

"हे तू लिहिलंस?"

"मीच. रागावू नका मास्तर, तुम्हीच विचारलं होतं." त्याने कर्णा खाली ठेवला. "खरं सांगू? ही लग्नात लावली तर नवरदेव मांडवातून पळून जाईल."

"पाण्याचं तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? आहे की त्यात."

"त्यात नाही."

"मास्तर, रेकॉर्डी वाजवून पोट भरतो मी. काय आहे नि काय नाही ते मला कळतं." त्याने आत हाक मारली. "मालू, ती भुंग्याची रेकॉर्ड आण गं."

त्याची बायको रेकॉर्ड घेऊन बाहेर आली. "परत लावू नका ना ती," ती म्हणाली. "मागच्या खेपेला मला घास गिळवेना."

चंद्राने चावी भरली, नवी पिन बसवली आणि दुसरी बाजू लावली. भर उन्हात, उघड्या अंगणात थाळी घुमू लागली. शुक्राचा आवाज आला, मागे हंसाचा सूर. रेकॉर्ड आली त्या मे महिन्यानंतर मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. तीन मिनिटांनी गाणं होतं तिथे तुटलं आणि पिनेची खरखर सुरू झाली. मी त्या खरखरीला कान लावून बसलो. काही नव्हतं.

"बघ," मी म्हणालो. "काही नाही."

चंद्राचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. तो मालूकडे बघत होता. ती दारातून आत वळली होती. परत आली तेव्हा तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. अंगणाच्या मधोमध येऊन ती थबकली.

"कोणाला हवं होतं...?" तिने विचारलं.

माझा संताप कुठे न्यावा हे मला कळेना. चंद्राला ऐकू येतं, मालूला ऐकू येतं, मांजराला ऐकू येतं. आणि मी, तिचा बाप, मला नुसती खरखर.

दुसऱ्या दिवशी मी तलासरी गाठली आणि तिथून दीड कोस चालत शुक्राच्या पाड्यावर गेलो. तो कुडाच्या भिंतीला टेकून काड्या तासत होता. त्याच्या बायकोने, गंगीने, मला घोंगडी अंथरून दिली. मी सगळं सांगितलं. शुक्राने काडी तासणं थांबवलं नाही.

"पन्नास लोकांना कारड धाडलंत मास्तर," तो म्हणाला. "मला नाही धाडलंत. मला कोण विचारतो, गाणं कसं वाटलं?"

"आता विचारतो."

"गाणं अर्धं हाय."

मग त्याने जे सांगितलं ते मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी ते विसरलो होतो.

रेकॉर्ड भरताना मुंबईच्या त्या बंद खोलीत शुक्राने थाळी मांडीवर घेतली आणि तो थांबला होता. हे गाणं माणूस मेल्यावर गातात, मेलेल्याचं नाव घालावं लागतं, नाहीतर ते पुढे सरत नाही, असं तो म्हणाला. आपल्या मेलेल्यांना या पेटीत बोलवायला तो तयार नव्हता. काचेपलीकडचा माणूस घड्याळावर बोट ठेवून उभा. मी शिकलेला माणूस. मी वैतागून म्हणालो, "अरे, नुसतं गाणं आहे. घाल कुणाचंही नाव." तेव्हा हंसा हसून म्हणाली, "माझं घाल की."

"जित्या माणसाचं नाव," शुक्रा म्हणाला. "मी तवाच बोललो होतो, बरं नाही. तुम्ही काय बोललात?"

 मला त्याचाही राग आला. त्याने तेव्हा थाळी उचलून चालतं व्हायला हवं होतं.

"गाणं आधी बोलावतं," तो म्हणाला. "आला की बसवतं. मग पाणी पाजतं. मग वाट दाखवून लावून देतं. तुमच्या त्या माणसानं हात वर केला तवा मी बसवण्यावर होतो. पाणी राहिलं, वाट राहिली. आता जो कोणी ती तबकडी लावतो, तो पोरीला बोलावतो आणि तहानेली ठेवतो."

"मग तू पुरं कर."

गंगी चुलीपाशी बसली होती. ती प्रथमच बोलली. "घरच्यानं मधी बोलायचं नाय, दादा. एक सबूदबी नाय. जमंल काय?"

"जमेल," मी म्हणालो.

अश्विनातल्या एका संध्याकाळी, दिवेलागणीला, शुक्रा माझ्या घरी आला. हंसाच्या खोलीत त्याने मूठभर तांदूळ मांडले आणि पळसाच्या पानाच्या द्रोणात पाणी भरून ठेवलं. मी ग्रामोफोनला चावी दिली. बाहेर वडांवर कावळ्यांचा गोंगाट चालू होता. पिन टेकली आणि तो एकदम थांबला.

रेकॉर्डमधला शुक्रा गाऊ लागला. माझ्यासमोरचा शुक्रा डोळे मिटून, बोटं ओली करून वाट पाहत होता. गाणं जिथे तुटत होतं, तिथे त्याने काडी ओढली आणि त्याच सुरात, मध्ये श्वासाइतकीही फट न ठेवता, पुढचा शब्द उचलला. ग्रामोफोनची खरखर आणि थाळीचं घुमणं एकात एक मिसळलं. खोलीत तापाच्या माणसाच्या अंगाला येतो तो आंबूस वास आला. मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो. माझ्या डाव्या बाजूची चटई, जिथे ती झोपायची, किंचित दबली.

शुक्राने एका हाताने थाळी घुमती ठेवली आणि दुसऱ्याने द्रोण उचलला.

"बाबा... थेंबभर."

अगदी कानाशी. चिंचणीला मला ऐकू आला नव्हता, तो आवाज.

मी काही ठरवून बोललो नाही, हे तुम्ही समजून घ्या. चार दिवस आणि चार रात्री मी जे शब्द बोललो होतो, ते तोंडाला चिकटून बसले होते. ते आपोआप आले.

"देतो हं."

काडी मोडली. थाळीचं घुमणं तुटलं. शुक्राच्या हातातल्या द्रोणातलं पाणी तांदळावर सांडलं आणि तो कितीतरी वेळ त्या ओल्या तांदळांकडे बघत राहिला. मी उठून माठातलं पाणी पेल्यात ओतलं, चटईपाशी नेलं, तिच्या नावाने हाक मारली. चटई सपाट होती.

"मास्तर, तुम्ही बोललात," शुक्रा म्हणाला.

"मी पाणी आणलंय. हे बघ. परत सुरू कर."

"आता माझ्या हातात नाही. देतो म्हणून तुम्ही कबूल झालात. आता तिला माझ्या हातचं पाणी चालायचं नाही."

"मग माझ्या हातचं घेऊ दे."

"तुमचं ती किती दिवस मागत होती?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं. त्याने मोडलेली काडी कमरेला खोचली, थाळी काखेत घेतली आणि चहासुद्धा न घेता तो गेला.

तेव्हापासून चटईपाशी पेला भरलेला असतो. रोज सकाळी मी तो ओततो आणि पुन्हा भरतो. पाणी थेंबानेही कमी झालेलं नसतं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी काळू पोस्टमन स्वतः घरी आला. त्याच्या हातात एक चुरगळलेलं कार्ड होतं. टपालाच्या जुन्या थैलीच्या शिवणीत अडकून राहिलं होतं म्हणाला, माफ करा. हंसाच्या अक्षरातली ती ओळ वर होती. खाली वाणगावच्या जिजा नावाच्या एका बाईंचं नीटस अक्षर:

"मला रेकॉर्ड आवडली. असं काही मी पूर्वी ऐकलं नव्हतं. मुलीच्या आवाजात धैर्य आहे. फक्त एक विचारते. शेवटी ती पाणी मागते तेव्हा 'देतो हं' म्हणणारा पुरुष कोण? तो म्हणतो, पण देत नाही. मला त्याचा फार राग आला."

पन्नासांतला हा एकच चांगला अभिप्राय. हंसा असती तर तिने तो वहीच्या पहिल्या पानावर लावला असता. मी तो लावायला घेतला, आणि खळ लावण्याआधी कार्ड उलटून त्यावरचा शिक्का पाहिला.

वाणगाव. सात जून.

सात जूनला हंसाला ताप नव्हता. त्या दिवशी ती ओसरीवर बसून लोकांची कार्डं चिकटवत होती, आणि तिने पाणी मागितलं असतं तर मी घागर उचलून आणली असती.