झोपून बघितलेलं घर

तोंडावर पाणी पडलं तेव्हा मी एका परक्या, रिकाम्या घरात जमिनीवर चटई टाकून गाढ झोपले होते.

डोळे उघडले तर समोर एक उंच माणूस. केसांत लाकडाचा भुसा, हातात रिकामा मग, आणि चेहरा मेलेलं माणूस उठून बसताना बघितल्यासारखा.

"आलात शुद्धीवर..." तो म्हणाला.

"झोपले होते मी. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडावर पाणी मारायचं नसतं. आधी श्वास बघायचा, मग कुशीवर वळवायचं. नाकातोंडात गेलं असतं तर खरंच गेले असते मी."

"आधी श्वास... मग कुशीवर," तो शाळेतल्या मुलासारखा पुटपुटला. मग जरा धीर करून त्यानं विचारलं, की पण इथं का झोपलात?

प्रश्न रास्त होता. त्याचं असं आहे, की मी हॉस्पिटलात सिस्टर आहे आणि नाइट ड्यूटी मागून घेते. रात्रीचा वॉर्ड मला आवडतो. पण मग दिवसा झोपावं लागतं, आणि मी राहते दादा-वहिनीकडे. त्यांचा धाकटा चिरंजीव डबा उलटा ठेवून ढोल वाजवतो, थोरला त्याला शांत बसवायला त्याहून मोठ्यानं ओरडतो. कितीतरी महिने माझी धड झोप झाली नव्हती. एका रात्री तर एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याच्या कॉटपाशी घेऊन उभी होते मी. सुई टोचायच्या आत लक्षात आलं म्हणून बरं. त्याच सकाळी ठरवलं, शहराबाहेर कुठंतरी आपलं स्वतःचं घर घ्यायचं.

लोक घर बघताना नळ सोडून बघतात, भिंतीवर टकटक करतात. मला त्यातलं डोंबल कळत नाही. मी चटई आणि उशी घेऊन जाते आणि भर दुपारी तिथं झोपून बघते. झोप लागली तर घर चांगलं. पहिल्या वसाहतीत जिम निघाली, भोंग्यासकट. दुसरीत कुत्री. तिसरी इतकी शांत होती, की भिंतीपलीकडचं सासू-सुनेचं भांडण शब्द न् शब्द ऐकू येत होतं, आणि खरं सांगायचं तर ते इतकं रंगलं होतं की झोपावंसंच वाटेना.

हे चौथं घर. बाहेर एजंट गाडीत घोरत होता आणि इथं मला स्वप्नसुद्धा पडलं नव्हतं. पाणी पडेपर्यंत.

तो शेजारचा सुतार होता. त्याची शेड या घराच्या भिंतीला लागूनच. खिडकीतून त्याला जमिनीवर पडलेली बाई दिसली आणि धाबं दणाणलं बिचाऱ्याचं. भरपाई म्हणून त्यानं चहा आणला. आम्ही पायरीवर बसून प्यायलो, आणि तो मला सिस्टर म्हणायला लागला. दुसऱ्या घोटाला मी म्हटलं, "सिस्टर नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"ते... बघू नंतर."

असं का म्हणाले, देव जाणे.

एका दिवसाच्या झोपेवर भरवसा ठेवू नये म्हणून मी परत गेले. मग परत. प्रत्येक वेळी मेल्यासारखी झोप, आणि उठले की पायरीवर चहा. तो तेव्हा एका खुर्चीच्या हातावर पॉलिश पेपर घासत बसलेला असायचा, इतक्या हलक्या हातानं की नुसतं बघत राहावं. एकदा म्हणाला, आज तुम्ही आलात तेव्हा डोळ्यांखाली काळं होतं, आता नाहीये. वॉर्डात रात्रभरात पन्नास माणसांकडे मी बघते, पण माझ्याकडे असं कुणी बघितल्याला जमाना झाला होता. मी कपात बघत बसले. कप केव्हाच रिकामा झाला होता.

वहिनीच्या नजरेतून काही सुटत नाही. मी निघताना दारात उभी राहून म्हणाली, "काय गं, घर बघायला केस धुऊन जातात का?"

शेवटी शनिवारी बयाणा द्यायचं ठरलं. दादा-वहिनी बरोबर आले. दादा तर खूशच. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, हे ऐकवत त्यानं दोनदा सगळं घर पालथं घातलं. एजंटनं कागद काढले, मी पेन हातात घेतलं, आणि सुतार दारात आला. त्यानं मला जरा बाहेर बोलावलं. आज त्याच्या हातात चहा नव्हता.

"हे घर घेऊ नका," तो म्हणाला.

पेन अजून माझ्या हातातच होतं.

"माझ्याकडे करवतीचं मशीन आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतं. तुम्ही यायच्या तेव्हा मी बंद ठेवायचो. पहिल्या दिवशी लाइट नव्हती, म्हणून शांत होतं. दुसऱ्या दिवशी वाटलं, एवढ्या दमलेल्या दिसताय, झोपू दे. आणि मग..." त्यानं हातांवरचा भुसा झटकला. "मग तुम्ही उठल्यावरचा तो चहा रोज व्हावा असं वाटायला लागलं. तुम्ही शेजारी राहायला आलात तर होईल, एवढंच डोक्यात होतं. रात्री कळलं, की तुम्ही राहायला आलात की मशीन चालू करावंच लागणार. पोट आहे त्यावर."

"चालू करा," मी म्हटलं. "आत्ता."

तो शेडमध्ये गेला. पुढच्या क्षणी भिंत अशी काही कर्रर्र करून उठली, की वहिनीनं दोन्ही कान धरले. एजंट मात्र जराही दचकला नाही. त्याला सगळं ठाऊक होतं. म्हणजे सांगितलं ते एकट्या सुतारानं, आणि फसवलंही त्यानंच. माझ्या डोळ्यांपुढे ती चुकीची कॉट आली. मी पेनाला टोपण लावलं आणि त्याच्याकडे न बघता गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पोरं मामाकडे गेली. घर चिडीचूप. मी आडवी झाले, कूस बदलली, पुन्हा बदलली, पण डोळ्याला डोळा लागेना. घर हातचं गेलं याचा राग होता, ते ठीकच. पण मला त्या पायरीची आठवण येत होती. त्याचा राग येत होता, आणि तो समोर नाही याचाही राग येत होता. सही होऊ दिली असती तर मी शेजारी आलेच होते की. ती त्यानं होऊ दिली नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"मी बोलतोय," तो धापा टाकत म्हणाला. "एजंटकडून नंबर घेतला. ठेवू नका. सकाळपासून माझा मोठा भाऊ मशीन चालवतोय आणि मी वसाहतीत फिरतोय, आवाज कुठवर येतो ते बघत. पाण्याच्या टाकीपलीकडच्या गल्लीत एक घर विकायचंय. छोटंसं, दोन खोल्यांचं. इथं आवाज येत नाही. नक्की. मी व्हरांड्यात आडवा पडून बघितलं."

"मग?"

"डोळा लागला माझा... आणि मालकीणबाईंनी तोंडावर बादली ओतली."

मी उठून बसले.

"आधी श्वास बघितला नाही हो त्यांनी," तो म्हणाला.

मग मी इतकी हसले, की वहिनी काय झालं म्हणून धावत आली. तिच्याच हाती उशी देऊन मी चटई शोधायला लागले. तिनं फक्त कंगवा आणून दिला.

त्या घरात मी चांगली दोन तास झोपले. उठले तर तो पायरीवर बसलेला, शर्ट अजून ओलसर, शेजारी थर्मास. मालकीणबाई खिडकीच्या पडद्याआडून बघत होत्या. मी त्याच्या शेजारी बसले. दूरवरून काहीच ऐकू येत नव्हतं.

"जास्त लांब नाही ना झालं?" त्यानं विचारलं. "माझ्याकडून?"

"मशीन ऐकू येत नाही एवढं लांब आहे," मी म्हटलं. "आणि चहा आणेपर्यंत गार होत नाही एवढं जवळ."

तो कप भरता भरता थांबला. "आणि पुढं कधी... म्हणजे आपण... जर..."

"तर मशीन तिथंच राहू दे," मी म्हटलं. "तुम्ही इकडे या."

त्यानं कप माझ्या हातात दिला, पण सोडला नाही. मीही ओढला नाही. असे किती वेळ बसलो कोण जाणे, कारण प्यायला घेतला तेव्हा तो चहा पार गार झाला होता.