ऐरणीचा बदललेला आवाज

त्या संध्याकाळी सुरे घडवणारे उस्ता नियाझ रश्श्यात नान भिजवून खात होते. खीवाच्या लुटारूंनी गदेच्या एका फटक्यात त्यांचे पुढचे दात पाडले होते. तेव्हापासून जेवण असंच. लुटारूंच्या हातून पडलेला एक सुरा त्यांच्या मांडीवर होता. पात्यावरची खूण ते अंगठ्याने पुसून पुन्हा पुन्हा पाहत होते.

“वाच ना पुढे,” ते लेकीला म्हणाले. रुझीमाहने पान उलटलं.

सकाळी ते घरात नव्हते.

“बल्खच्या काफिल्याबरोबर गेला,” बाबांचा धाकटा भाऊ हकबेर्दीकाका म्हणाला. “तुला उठवू नको म्हणाला.”

भिंतीवर उंच एक नान टांगला होता. बुखाऱ्यात प्रवासाला निघणारा नानचा एक चावा घेतो. उरलेला नान तो परतेपर्यंत भिंतीवर राहतो. त्याला कुणी हात लावत नाही.

दोन महिने गेले. वारा आला की नान भिंतीवर खरखरायचा. आणि अंगणापलीकडच्या भट्टीतली ऐरण पूर्वीसारखी खणखणत नव्हती. जमिनीखालून कुणी दबकी हाक मारावी, तशी वाजायची. आळीतल्या बायका म्हणत, ऐरण धन्यासाठी रडतेय.

शेवटी रुझीमाह बाबांच्या मांडीवरचा तो सुरा घेऊन ओतिनबीबींकडे गेली. त्यांनीच तिला अक्षरं शिकवली होती, आणि आळीतली अवघड कोडीही त्याच सोडवत.

“बीबी, बाबा मेले असतील तर मी रडेन. पण मला न सांगता निघून गेले असतील, तर काय करू?”

बीबी उठल्या. सोबत त्यांचा दीर तुर्सुन, जुना पहारेकरी.

आधी भट्टीतला गडी योदगोर समोर आला.

“उस्तांशी तुझं भांडण होतं म्हणे?” तुर्सुन गुरगुरला.

“रोजचंच! पण तेव्हा मी बहिणीच्या लग्नाला गावी होतो. परत आलो तर ऐरणसुद्धा कोपऱ्यात सरकवलेली.”

“कुणी सरकवली?”

“धाकट्या मालकांनी. उजेड डोळ्यांवर येतो म्हणे.”

मग काका.

“नानचा चावा त्यांनी तुमच्यासमोर घेतला?” बीबींनी विचारलं.

“माझ्यासमोर. मीच टांगला.”

बीबी चौरंगावर चढल्या.

“हात लावू नका!” काका ओरडला. “तो वाटेत मरेल!”

तुर्सुनही घाबरला. “वहिनी, राहू द्या ना.”

बीबींनी नान उतरवला. चाव्याची बाजू भिंतीकडे होती.

“तुर्सुन, काय दिसतं?”

“चावा. चांगला दातांचा.”

“पुढच्या दातांचा. उस्तांना पुढचे दात होते का?”

तुर्सुन काकाकडे वळला.

“नान टांगल्याशिवाय या घरात कुणाचा विश्वास बसला नसता. म्हणून हकबेर्दींनी स्वतःच चावा घेतला. सुऱ्यावरची खूण याच भट्टीची. खीवावाल्यांना पाती कोण पुरवतं, हे उस्तांना त्या रात्री कळलं. आणि ऐरण रडत नाही, तुर्सुन. खालची जमीन भुसभुशीत असली की ती अशी वाजते. फावडं आण.”

“काझीकडे जाणार होता तो,” एवढंच काका पुटपुटला.

ऐरणीखाली फार खणावं लागलं नाही.

तुर्सुनने आपला चपान, अंगातला लांब झगा, काढून खड्ड्यातल्या उस्तांवर पांघरला. रुझीमाह काठाशी बसली. ते तिला सोडून गेले नव्हते. सगळा वेळ अंगणापलीकडेच होते.

“बाबा,” ती मोठ्याने म्हणाली, “मी इतकी पुस्तकं वाचली. तुमच्यासारखा माणूस एकातही भेटला नाही.”