लाल अक्षरांचा पुठ्ठा

फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि काका नुकतेच जेवून आडवे झाले होते.

"काका, अंक गेला!" नर्सचा आवाज फाटला होता. "कपाटातला गठ्ठा नाहीये. बाई नुसत्या बसून आहेत. तुम्ही या हो लवकर."

काका घराबाहेर पडले तेव्हा शर्टाची बटणं वरखाली लागली होती. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितशोधन केलेला हा माणूस दुकानांच्या पाट्यासुद्धा हातात लाल पेन्सिल असल्यासारखा वाचायचा. त्याच्या शर्टाची ही अवस्था म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती. तिथे दर रविवारी आठ-दहा माणसं जमायची, लिहायची, वाचायची आणि कडाकडा भांडायची. दीड वर्षाच्या भांडणांतून एक मासिक उभं राहत होतं. पहिला अंक, सोळा पानं, नऊ जणांचं लेखन. छापखानेवाल्यानं बजावलं होतं, आज सहाच्या आत मजकूर आला तर रविवारी अंक देतो. नाहीतर यंत्र पाठ्यपुस्तकांना लागेल, मग चार महिने तोंड दाखवू नका.

काका जिना चढून वर आले. खोलीत चौघं होती. मंडळाच्या संपादक, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, खिडकीशी ताठ बसल्या होत्या. नर्स कपाटापाशी, शिंपीमास्तर दाराशी. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत वहिनी, लाइनमनची बायको.

लाइनमन दोन महिन्यांपूर्वी गेला. आयुष्यात त्यानं एकच गोष्ट लिहिली होती आणि ती त्या गठ्ठ्यात होती. वहिनींनी ती ना वाचली होती, ना ऐकली होती. "छापून आली की दाखवीन," असं तो म्हणाला होता. येत्या सोमवारी वहिनी वीज कंपनीचं घर सोडून कायमच्या भावाकडे निघाल्या होत्या.

काकांनी बाईंना हात केला.

"कोण आलंय?" बाई करवादल्या. "तोंडानं बोला की!"

"मी आहे, बाई."

बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. काकांनी नर्सकडे मोर्चा वळवला.

"कपाट कोणी उघडलं?"

"मी. पावणेदोनला. गठ्ठा छापखान्यात न्यायचा होता ना."

"किल्ली?"

"घड्याळामागच्या खिळ्याला. सगळ्यांना माहीत आहे."

"आणि आत?"

नर्सनं टेबलाकडे बोट दाखवलं. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये जुन्या साप्ताहिक पुरवण्या, वर सुती नाडी. "आपलाही असाच बांधलेला होता. पण त्याच्या पुठ्ठ्यावर मी लाल रंगानं 'अंक पहिला' लिहिलं होतं. हा कोरा बघितला आणि मी लगेच आत डोकावले."

"वीतभर अक्षरं होती," शिंपीमास्तर दारातून म्हणाले. "आंधळ्यालासुद्धा दिसली असती."

"चोरी झाली असं पहिल्यांदा कोण म्हणालं?"

"बाई. मी 'पुरवण्या' म्हणाले आणि त्या लगेच म्हणाल्या, चोरी झाली."

काकांनी मान डोलावली. "कोणाकडे नक्कल? फोटो?"

नक्कल असणार कुठून? शिंपीमास्तरांची एक कविता भलत्याच माणसाच्या नावानं फोनाफोनांतून फिरली, तेव्हापासून मंडळात फोटो बंद होते. कच्चा खर्डा तर सगळ्यांसमोर फाडायचा. तो जवळ असला की माणूस जुन्या वाक्यांना कवटाळून बसतो, असं बाईंचं मत. लाइनमननंही आपला खर्डा हसत हसत फाडला होता. ते आठवून काकांना कसंसंच झालं.

"शिंपीमास्तर, तुमची कविता शेवटच्या पानावर ढकलली म्हणून तुम्ही चिडला होतात."

"चिडलो होतो. अजून आहे." मास्तरांचा चेहरा लाल झाला. "म्हणून मी चोरी करीन? त्यात माझीही कविता आहे, काका!"

"इथे शेवटचे कधी आलात?"

"काल संध्याकाळी. टेबलाच्या कापडाचं माप घ्यायला. तेव्हा हा पुरवण्यांचा गठ्ठा तिथे होता, कोपऱ्यात, रद्दीवर."

कोपरा आता रिकामा होता. फरशीवर धुळीची चौकट तेवढी उरली होती.

"बघितलंत?" नर्स तावातावानं म्हणाली. "गठ्ठा कुठे होता ते ह्यांनाच बरोबर ठाऊक!"

"अगं, तुझ्या हातून कपाट उघडलं गेलं, माझ्या नाही!"

"पुरे!" काका ओरडले. वहिनी रडत होत्या. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी पदर दातांत धरला होता. बाईंनी त्या दिशेला तोंड वळवलं.

"रडू नका हो. फार चांगलं लिहिलं होतं त्यांनी. 'खांबावर चढल्यावर पहिल्यांदा कळतं, आपल्या घराचं छप्पर किती लहान आहे. त्या छपराखाली एक बाई वाट बघते, हे वरून दिसत नाही.' असं सुरू होतं."

वहिनींना आणखीच भरून आलं. काका मात्र बाईंकडे बघतच राहिले. मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"बाई, सकाळी इथे कोण होतं?"

"मी एकटी. नऊला आले. खोली आवरली, रद्दी दिली."

"कपाट?"

"पुसून घेतलं. गठ्ठा बाहेर काढला, परत ठेवला."

"परत ठेवताना लाल अक्षरं दिसली?"

"दिसली," बाई चटकन म्हणाल्या.

काका उठले. "अर्ध्या तासात येतो. कोणी हलायचं नाही."

ते आले तेव्हा सव्वातीन झाले होते. काखेत काहीतरी होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

पुठ्ठा होता. वीतभर लाल अक्षरांत 'अंक पहिला'.

नर्स किंचाळली. "कुठे मिळाला? आणि कागद?"

"रद्दीच्या दुकानात. तो पुठ्ठा वेगळा काढतो, कागद वेगळा. पुठ्ठा पडून होता. कागदांचा ट्रक अकरालाच कारखान्याकडे गेला. मी तिथे फोन लावला." काकांनी पुठ्ठ्यावरची धूळ झटकली. "लगदा झाला."

वहिनींनी डोळे मिटले. काका उभ्यानंच बोलत राहिले, कारण बसले असते तर त्यांना बोलता आलं नसतं.

"चोर गठ्ठा नेतो. त्या जागी दुसरा आणून, वर नाडी बांधून ठेवत नाही. छपाईत दोन ओळींची अदलाबदल होते ना, तिथे कोणी काही चोरलेलं नसतं. हात चुकलेला असतो. दोन सारखे गठ्ठे शेजारी ठेवले गेले, रद्दीतला कपाटात गेला आणि कपाटातला रद्दीत. पण एकावर एवढी लाल अक्षरं असताना कोणाचा हात चुकेल?"

शिंपीमास्तरांचं तोंड उघडं राहिलं. मघाचं स्वतःचं वाक्य त्यांना आठवलं असावं.

"मी आलो, हात केला, तर बाईंनी विचारलं, कोण आलंय. पूर्वी बाई प्रत्येकाच्या कागदावर लाल शाईनं शेरे लिहायच्या. चार महिन्यांपूर्वी नियम बदलला. प्रत्येक मजकूर तिघांनी मोठ्यानं वाचायचा, बाई ऐकणार. कानाला खटकतं तेच खरं, म्हणाल्या. आपण माना डोलावल्या. आणि आज मला म्हणाल्या, अक्षरं दिसली. ती दिसली असती तर हा पुठ्ठा रद्दीवाल्याकडे गेला नसता. तो सांगतो, गठ्ठा बाईंनीच हातात दिला."

खाली कोणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं.

"समोरचं काही दिसत नाही," शेवटी बाई म्हणाल्या. "कडेचं थोडं दिसतं. कागद धरला की नुसता डाग."

"सांगायचं नाही का आम्हाला?" नर्सला रडू फुटलं. "मी रोज डोळ्यांच्या विभागात असते, बाई!"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला चांगली गादीची खुर्ची दिली असतीत. अंक दिला नसता." बाईंनी नर्सच्या आवाजाकडे तोंड वळवलं. "तू पुरवण्या म्हणालीस आणि मला सगळं कळलं. तोंडातून निघून गेलं, चोरी. मग मागे घेता येईना."

"तासभर मी चोर होतो इथे," शिंपीमास्तर म्हणाले.

"हो. आणि मी ऐकत बसले. मला क्षमा करू नका, मास्तर."

मास्तरांनी तोंड फिरवलं. वहिनी उठल्या, पिशवी खांद्याला लावली. कोणावर ओरडण्याइतकंही बळ त्यांच्यात दिसत नव्हतं. "निघते मी. सामान बांधायचंय."

"थांबा," काका म्हणाले. "बाई, मघाशी लाइनमनच्या गोष्टीतली दोन वाक्यं म्हणालात. ती गोष्ट मी चार वेळा तपासली आहे. तुम्ही एक शब्द इकडचा तिकडे केला नाहीत. तिसरं वाक्य?"

बाई गोंधळल्या. "म्हणजे?"

"चार महिने तुम्ही एक ओळ वाचली नाहीत. तरी कुठे काय कापायचं, कुठे थांबायचं, सगळं बिनचूक सांगत होतात. कशावरून? मास्तरांच्या कवितेचं तिसरं कडवं म्हणा."

बाईंनी ते म्हटलं, सावकाश.

"दुसऱ्या ओळीत 'अजून' आहे, 'अद्याप' नाही," मास्तर पाठ फिरवून गुरगुरले. मग वळले. त्यांचे डोळे मोठे झाले होते. "पण बाकी सगळं बरोबर आहे!"

"मला दुसरा मार्गच नव्हता," बाई पुटपुटल्या. "रात्रंदिवस तेच घोळवत होते. नऊच्या नऊ."

काकांनी घड्याळ बघितलं. साडेतीन. "अडीच तास आहेत. नर्स, ज्याचं लेखन आहे त्या प्रत्येकाला फोन कर, काम टाकून या म्हणावं. मास्तर, तुमची कविता तुम्हीच उतरवा, आणि ती पहिल्या पानावर जाईल."

"शेवटच्याच राहू दे," मास्तर कागद ओढत म्हणाले. "तिथेच शोभते. बाई बरोबर होत्या."

काकांनी वहिनींच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली आणि त्यांना बाईंसमोर बसवलं. हातात पेन दिलं.

"मला जमणार नाही हो," वहिनी म्हणाल्या. "माझं अक्षर वाईट आहे."

"मला कुठे दिसणार आहे?" बाई म्हणाल्या. त्यांनी चाचपडत वहिनींचं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं. सुरुवातीची दोन वाक्यं सांगितली. वहिनींनी ती लिहिली, अक्षर अक्षर दाबून.

"आता तिसरं. 'पण तेवढ्यासाठीच माणूस दोन्ही हातांनी खांब धरतो.'"

वहिनींचं पेन थांबलं. त्या कागदाकडे बघत राहिल्या, मग खिडकीबाहेरच्या खांबाकडे. मनगट हलत नाही हे बाईंना हाताला कळलं.

"लिहा," बाई हळू म्हणाल्या. "अजून बरंच सांगायचंय त्यांना."