हुंकार देणारी

आमच्या घरात भूतबित कुणी मानत नाही. बाबांनी ते खूळ लहानपणीच माझ्या डोक्यातून काढलं. तेव्हा मी सांगते ते ऐका, आणि हवं तर हसा.

शहापुरात मनुबाईंकडे मी भाड्यानं राहते. पूर्वी माग असलेल्या खोलीत आम्ही दोघी झोपतो. माग कधीच विकला गेला. विणणारा पाय सोडून बसायचा तो खड्डा तेवढा उरलाय, फळ्यांनी झाकलेला, वर सतरंजी. गेल्या महिन्यात मनुबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, टीव्ही बंद झाला. मग ऑफिसातून आल्यावर मी त्यांना माझ्याकडची एक कादंबरी वाचून दाखवू लागले. पुस्तक इंग्रजी, मी मराठीत सांगत जायची. एक राजकन्या शत्रूच्या दरबारात नवरी होऊन येते, ती राजाला विष घालायला. त्यानं तिच्या भावाला मारलेलं. प्रधान, सावत्र सासू, सगळे एकमेकांवर टपलेले. आणि ही बया नेमकी त्या राजाच्याच प्रेमात पडते.

मला ते फार जवळचं वाटायचं. आमच्या गावी, सदलग्यात, समर्थच्या आजोबांनी माझ्या आजोबांना शेतावर चाबकानं मारलं होतं. आता त्याच समर्थशी माझं लग्न ठरत होतं. आई कशीबशी तयार झाली होती.

"हुंकार दिल्याबिगर गोष्ट सांगू नये बग," मनुबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "ऐकणारं जागं हाय का न्हाय, कसं कळायचं?"

शनिवारी संध्याकाळी वीज गेली. मोबाईलच्या उजेडात मी वाचत होते. मनुबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. खोलीत ओल्या सुताचा वास येत होता, आणि या घरात सूत येऊन कित्येक वर्षं झाली असतील. प्रत्येक वाक्यामागे 'हं' येत होतं.

"मग तिनं विषाची कुपी खिडकीतून फेकली..."

हुंकार आला नाही.

"ऐकताय न्हवं?"

"न्हाय..." आवाज अगदी हळू आला. "फेकायची न्हाय..."

मला हसू आलं. म्हातारीला सूड हवा होता. आजारी माणसाचं मन कशाला मोडा, म्हणून मी पुस्तक मिटलं आणि मनानंच शेवट केला. "बरं, नाही फेकली. पेल्यात ओतली. हसून त्याच्या हातात दिली. तो प्याला."

"हं..." पोटभर जेवल्यासारखा लांब हुंकार आला.

रविवारी समर्थ आला. त्याला मागाच्या खोलीत चहा देऊन मी मनुबाईंना चहा द्यायला स्वयंपाकघरात गेले. त्या तिथंच बसल्या होत्या.

"काल त्या राजाला मारायला लावलंत की," मी म्हटलं.

"म्या? काल मला गोळीनं लगीच झोप लागली, पारू. आन् हुंकार तर म्या दोन दिस झालं देतच न्हाय. बोललं की डोळा ठणकतोय. मला वाटलं, तुझी तूच देतीस."

मी मागाच्या खोलीकडे बघितलं. मनुबाईंचा आवाज उतरला.

"त्या खड्ड्यात माझी जाऊ बसायची, मालुबाई. दोन घरांचं वैर मिटावं म्हणून आमच्यात दिलेली. दीर लई ग्वाड वागला तिच्याशी. मग एक दिस हातानं दूध आणून दिलं... तिथंच, मागावरच पडली बग ती. इणताना गोष्टी ऐकायचं लई याड होतं तिला."

 मी धावले. समर्थ सतरंजीवर मांडी घालून बसला होता, बरोबर फळ्यांवर. कप ओठाशी होता. मी झडप घातली तसा चहा सांडला आणि सतरंजीतून फटीत झिरपला.

"अगं, काय करतीयास?" तो हसला. "एकच घोट घेतलाय. साखर घातली न्हाईस काय? कडू लागतोय."

मी दोन चमचे घातली होती.

"समर्थ, ऊठ तिथनं..."

तो उठायला गेला आणि पोटावर हात दाबून परत खाली बसला. फळ्यांखालून हळूच आवाज आला.

"हं... मग?"