बर्फाखालची बिळं

मी पालथी पडून बिळाला कान लावला होता, आणि तेवढ्यात कुणीतरी माझे दोन्ही बूट धरून मला खस्सकन मागे ओढलं. गवतावरून, काट्यांवरून, चांगलं पाच-सहा हात! हनुवटी खरचटली, तोंडात माती गेली.

"मरायचंय का तुम्हाला? आत साप आहे! खुळखुळ्या साप, विषारी!"

मी वळून पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, गॅस कंपनीची टोपी, आणि डोळे... इतके घाबरलेले, की माझी शिवी ओठांवरच राहिली.

"साप नाही," मी माती थुंकत म्हटलं. "घुबडाची पिल्लं आहेत. बिळात राहणारी घुबडं ही. कुणी जवळ आलं की मुद्दाम सापाचा आवाज काढतात."

"म्हणजे मी... पिल्लांना घाबरलो?"

"टरकलात म्हणा."

तो तिथेच गवतात बसला आणि पोट धरून हसत सुटला. "मी लॉर्न हौगेन. आमच्या घराने तीन पिढ्या या माळावर गुरं राखली, आणि मला हे माहीत नव्हतं! कुणाला सांगू नका हं."

"सांगणार. सगळ्या मेडिसिन हॅट गावाला सांगणार."

त्या उन्हाळ्यात आमच्या अल्बर्टा प्रांतात दुसरा विषयच नव्हता. या राखीव माळावर कंपनीला गॅसच्या शेकडो नव्या विहिरी खणायच्या होत्या. माळाला ते सोसेल का, हे तपासायला सरकारने समिती नेमली होती, सुनावणी ऑक्टोबरात. मी, ट्रुडी क्लासेन, खोदकामाला विरोध करणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी घुबडं मोजत होते. लॉर्न कंपनीच्या जुन्या विहिरींवर रोज फेरी मारायचा. म्हणजे आम्ही समोरासमोरच्या बाकांवरचे. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. उपयोग काही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तो कॉफी घेऊन आला. तिसऱ्या दिवशी आईने केलेली बेरींची गोड पेस्ट्री.

"तुझी विहीर तर तिकडे, टेकडीपलीकडे," मी म्हटलं. तोवर 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नव्हतं.

"हो. रस्ता चुकलो."

"तीन पिढ्यांनंतर?"

"वारा फार आहे ना... माणूस भरकटतो."

मग तो शेजारी पालथा पडायचा, दुर्बीण मागायचा, आणि घुबडांकडे सोडून भलतीकडेच बघायचा. "पिल्लं तिकडे आहेत," मी म्हणायचे. "मोजतोय," तो म्हणायचा. "एकच दिसतंय. नाकावर माती आहे." मी नाक पुसायचे आणि दिवसभर वेड्यासारखी हसत राहायचे.

ऑगस्टमध्ये एका दुपारी गारा आल्या. लिंबाएवढ्या! आम्ही धावत त्याच्या ट्रकमध्ये शिरलो. वर टपाटप आवाज, काचा धुरकट, त्याचा ओला खांदा माझ्या खांद्याला... मला वाटलं, आता हा बोलणार. तो बोललाही, पण वेगळंच.

"ट्रुडी, कंपनीच्या कागदांत नव्या विहिरींच्या एक्केचाळीस जागांखाली माझी सही आहे. जागा चालून पाहिली, एकही बीळ आढळलं नाही, असं लिहिलंय."

"माहितेय. वाचलंय मी." आमची सगळी मोजणी खोटी पाडायला कंपनी तोच कागद पुढे करत होती.

"मी खरंच चाललो गं. पायी. पण..." त्याने स्टीअरिंगवर कपाळ टेकवलं. "जानेवारीत. गुडघाभर बर्फ होतं. कागदावर तारीख नाही. मालकांना घाई होती, आणि मी... सही ठोकली."

जानेवारीत घुबडं मेक्सिकोत असतात, आणि बिळं बर्फाखाली. दिसणार काय, कपाळ?

"आता तू सांगशील समितीला?" त्याने विचारलं.

माझ्या मनात केवढं काय काय झालं! एक फोन, आणि माळ वाचला असता. त्याची नोकरी मात्र गेली असती, आणि वडिलांच्या औषधपाण्यासकट ते घर त्याच नोकरीवर चालत होतं.

"नाही," मी म्हटलं. "सही तुझी आहे. तूच काय ते ठरव."

त्यानंतर तो आला नाही. कॉफी नाही, काही नाही. पिल्लं मोठी होऊन दक्षिणेला उडून गेली. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले, स्वतःला मूर्ख म्हटलं, पण समितीला तो फोन केला नाही.

सुनावणीच्या दिवशी हॉटेलचा हॉल खचाखच भरला होता. कंपनीचा साक्षीदार म्हणून लॉर्न उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, गालावर दाढी करताना कापल्याची खूण.

"या एक्केचाळीस जागा तुम्ही स्वतः चालून पाहिल्यात?" कंपनीच्या वकिलाने विचारलं.

"हो."

"एकही बीळ दिसलं नाही?"

"नाही."

"धन्यवाद. बसा."

तो बसला नाही. माझा जीव टांगणीला लागला.

"साहेब," तो समितीच्या अध्यक्षांना म्हणाला, "मी कधी चाललो, ते यांनी विचारलं नाही. जानेवारीत चाललो. गुडघाभर बर्फातून. त्यात बिळं काय, मला माझे बूट दिसत नव्हते. कागद बिनकामाचा आहे, आणि त्याच्यावर सही केली ती चूक माझी आहे."

हॉलमध्ये एकच गलका झाला. समितीने पुढे काय ठरवलं, ते साऱ्या गावाला ठाऊक आहे: त्या विहिरी झाल्या नाहीत. पण त्या दिवशी आम्हाला ते कुठे माहीत होतं! मी धावत बाहेर आले. लॉर्न पायऱ्यांवर बसला होता. कंपनीने ट्रकची किल्ली तिथल्या तिथे काढून घेतली होती.

"थँक्यू," मी म्हटलं. "लॉर्न, थँक्यू. तू काय केलंस ते..."

"थँक्यू मी म्हणायचं," तो म्हणाला. "तू एकदा जरी 'बोल' म्हणाली असतीस ना, तर मी तुझ्यासाठी बोललो असतो. आणि पुढे जन्मभर तुला ते ऐकवत बसलो असतो. तू गप्प राहिलीस. म्हणून आज मी माझ्यासाठी बोललो."

मी त्याच्या शेजारी बसले. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं... नाही, वाऱ्याने नाही.

"आता ना नोकरी, ना गाडी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मनात होतं ते तुला विचारायला तोंड राहिलं नाही."

"मग मी विचारते. लग्न करशील माझ्याशी?"

एवढ्या गर्दीपुढे न अडखळता बोललेला माणूस! त्याच्या तोंडून आता शब्द निघेना. नुसतीच मान हलवली, दोनदा, तीनदा. मी त्याचा हात हातात घट्ट धरला आणि म्हटलं, "चल, घरी. तुझ्या वडिलांना आपण दोघं मिळून सांगू."