नऊ पिल्लं आणि एक पाटी

डोक्यावर मांदेलीची पाटी घेऊन मी होळी गावच्या बागायतीत शिरले, तर विहिरीपाशी एक चांगला उंचापुरा बाप्या कोंबडीला काखेत दाबून तिच्यापुढं दोन दिवसांचं पिल्लू धरत होता. तेही भर दुपारी. एक्कावन्न सालची गोष्ट, पण आठवलं की मला अजून राग येतो.

"पाटीला हात लाव," मी म्हटलं. दारात आलेल्या कोळणीची पाटी उतरवायला हात लावायचा, एवढी तर रीत आहे. त्यानं मान वर केली... आणि बघतच राहिला. तेवढ्यात कोंबडीनं पिल्लाच्या डोक्यात चोच मारली.

मी कशीबशी पाटी टेकवली नि पिल्लू हिसकावून घेतलं. "मारतोस का काय त्याला?"

"यांची आई मुंगसानं नेली. नऊ आहेत. ही अंड्यांवर खुडूक बसलीय, म्हटलं ओळख करून द्यावी..."

"उजेडात? तिला दिसतं ना, परकं हाय ते. तिनसांजेला पोटाखाली हळूच सरकवायचं. एक अंडं काढायचं, एक पिल्लू ठेवायचं. सकाळी तिला वाटतं, आपलीच."

"मग तूच ये ना—"

"मना घरी कामं नायत?"

तरी तिनसांजेला गेले. स्वतःवरच चिडत गेले.

खुराड्यापाशी तो अंडी काढत होता, मी पिल्लं सरकवत होते. सहाव्या पिल्लाला त्याची बोटं माझ्या बोटांत अडकली... आणि कोंबडीच्या उबेत तशीच राहिली.

"हात थंड आहेत तुझे," तो म्हणाला.

"मासळीचे हायत. वास येत नाय?"

"येतो. उद्याही येऊ दे."

त्याचं नाव आलोशियस. सकाळी कोंबडी नऊ पिल्लं घेऊन अंगणात फिरत होती, आणि मी रोज होळीला जायला लागले.

त्याची आई क्लाराबाय, केळीच्या बागेची मालकीण. मासळी घ्यायची, पण पायरीवर उभी राहून. माझ्या पाटीला तिनं कधी हात लावला नाही. मी फाटकाशी एकटीच वाकून पाटी उतरवायची. आम्ही दोघीही ख्रिस्ती, पण ती बागायतवाली आणि मी पाचूबंदरची कोळीण.

पिल्लांना पिसं फुटली तेव्हा एकदा फाटकाशीच आलोशियस बोलला. "इझाबेल, तुझ्याशिवाय करमत नाही मला. लग्न करू. पण आय..." त्याचा बेत तयार होता. मुंबईच्या चर्चमध्ये गुपचूप लग्न करायचं, तिनसांजेला मला घरात आणायचं. "सकाळी आयला वाटेल, आपलीच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी पिल्लू हाय, पोटाखाली सरकवायला? उजेडात बघू दे तिला. चोच मारायची तर मारू दे."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर या फाटकात परत दिसायची नाय मी." बोलले खरी, पण मला तो हवा होता. फार हवा होता.

मी तशीच फाटक ओलांडून, पाटी डोक्यावर ठेवूनच, पायरीपाशी गेले. "क्लाराबाय, तुमचा आलोशियस नि मी लग्न करायचं म्हनतो. तो सांगायला भितो, म्हनून मी आले."

पाटीचं पाणी माझ्या कानामागून गळत होतं. पिल्लं ओळखीनं माझ्या पायांत घोटाळत होती. तिनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"माझी नऊ अंडी कोनी काढली, ते आज कळलं," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "पिल्लं घालताना विचारलं नायस मना. लग्नाचं तरी तोंडावर विचारतेस."

मग ती पायऱ्या उतरली. दोन्ही हात पाटीला लावले.

"जड हाय गं. रोज एकटी उतरवतेस?"

"रोज," मी म्हटलं. रागानंच म्हटलं, पण डोळे भरून आले.

पाटी आम्ही दोघींनी मिळून खाली ठेवली.