चिचटोल्याची पांढरी कार्डं

सहा मुलं अशी होती, की नियमाप्रमाणे ती आजारी असायलाच नको होती.

गुंजन शहारे वरठी स्टेशनवर रेल्वेतून उतरली तेव्हा त्या सहा नावांचा कागद तिच्या पर्समध्ये होता आणि फोन कानाशी. पलीकडे जिल्ह्यातले चौकशी अधिकारी वीरेंद्र हेडाऊ.

“मॅडम, तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात? माणूस सापडलाय. चिचटोल्याच्या आरोग्य केंद्रातला लॅबवाला, हिरालाल. सगळ्या नोंदी त्याच्याच नावानं बदलल्यात. आज त्याला निलंबित करून टाकतो.”

“संध्याकाळपर्यंत थांबा,” गुंजन म्हणाली. “खापर फोडायला डोकं सापडलं म्हणजे गुन्हेगार सापडला, असं होत नाही.”

गुंजन एका भल्यामोठ्या सरकारी खात्याची डेटा आर्किटेक्ट. कुठली माहिती कुठे राहील, कशाशी जोडली जाईल आणि कोणाला दिसेल, हे ठरवणं तिचं काम. हाताखाली चाळीस माणसं. यंदा तिनं मुलांच्या नोंदी आईबापांच्या नोंदींशी जोडल्या आणि संगणकानं ही सहा मुलं तिच्या पुढ्यात टाकली.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची कार्डं तीन रंगांची. लाल म्हणजे आजार. पिवळं म्हणजे रक्तात दोष आहे, पण माणूस ठणठणीत. पांढरं म्हणजे काहीच नाही. दोष आई आणि बाप दोघांकडून आला, तरच मूल लाल होतं. या सहाही लाल मुलांचे बाप पिवळे होते. आया मात्र सगळ्या पांढऱ्या.

कुठेतरी पाणी मुरत होतं. ते आपल्याच भिंतीत मुरतंय की काय, या शंकेनं गुंजनची आठ दिवस झोप उडाली होती. म्हणून ती कोणाला न पाठवता स्वतः आली.

सानगडी गाव मागे टाकून तिची जीप चिचटोल्यात शिरली. पहिलं घर तृप्तीचं. चार वर्षांचा मुलगा खाटेवर पडून होता, हाताची बोटं सुजलेली. आपली जोडणी चुकली असेल, मूल भलत्याच आईला जोडलं गेलं असेल, अशी गुंजनला आशा होती. मुलानं “आई” म्हणून हाक मारली आणि ती आशा तिथेच संपली.

“मॅडम, डागतर म्हनते, तुहं कार्ड पांढरं हाय, दुसऱ्याले काही होनार नाई,” तृप्ती म्हणाली. “मंग पयल्यालेच काहून झालं?” तिनं पदर पोटावर सारखा केला. “तिसरा महिना लागला. याले तर नाई होनार न?”

पोटातल्या बाळाची तपासणी करायची, तर आता दोन-तीन आठवड्यांतच. उशीर झाला की पुढचं सगळं अवघड.

“संध्याकाळी सांगते,” गुंजन म्हणाली. “लग्नाआधी तुमचं कार्ड कोणी पाहिलं होतं?”

“सासऱ्यानं. मोबाइलवर. आमचे हे पिवळे हायेत न, म्हून त्याईले पांढरीच पोरगी पाहिजे होती.”

“औषध कोण देतं?”

“पार्वताबाई सिस्टर. मंगळवारी केंद्रातलं लसीचं काम आटपलं का आमच्यासारख्या सहा घरी जाते. घरून तिळाचे लाडू आनते. लय जीव लावते पोरायले.”

केंद्रात हिरालाल वाटच पाहत होता. निवृत्तीला तीन महिने उरलेला, किडकिडीत माणूस. त्यानं सहा वर्षांपूर्वीचं जाडजूड रजिस्टर टेबलावर ठेवलं.

गुंजननं एकेक नाव तपासलं. शाईनं लिहिलेल्या सहाही नोंदी पिवळ्या होत्या.

“मग संगणकात पांढरं कसं झालं?”

“मले मालूम नाई मॅडम. माह्या हातानं तर पिवळंच टाकलं होतं.”

“तुमचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?”

हिरालालनं भिंतीकडे बोट दाखवलं. कॅलेंडरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत पासवर्ड लिहिलेला. “ध्यानात रायत नाई न.”

गुंजननं कपाळाला हात लावला. मुंबईत बसून तिनं एवढं भक्कम कुलूप घडवलं होतं, आणि इथे किल्ली भिंतीवर लटकत होती.

“नोंदी टाकायला संगणकावर तो ऑपरेटर अनुप बसतो ना?”

“तो आत्ता दोन साल झाले आला. हे त्याच्या पयलेचं हाय.”

“या सहाही नोंदी मंगळवारी दुपारी बदलल्यात. तेव्हा त्या वेळी तुम्ही कुठे असायचात?”

“लाखांदूरले. क्याम्प रायते. सहाच्या एसटीनं वापस येतो. तिथल्या रजिस्टरवर सह्या हायेत माह्या.”

“आणि मंगळवारी या खोलीत कोण असतं?”

हिरालालनं कोपऱ्यातल्या लसींच्या फ्रीजकडे पाहिलं आणि मान खाली घातली. “असं कायले इचारता मॅडम?”

गुंजननं लॅपटॉप उघडून केंद्राच्या सगळ्याच नोंदी चाळल्या. नोंद कोणत्या दिवशी, किती वाजता बदलली, हे संगणक विसरत नाही. ती सोय तिनंच ठेवली होती. सहा नव्हे, तेवीस नोंदी बदललेल्या होत्या. सगळ्या मुलींच्या, तेव्हा एकीचंही लग्न झालेलं नव्हतं. सगळ्या मंगळवारी, दोन ते चारच्या दरम्यान. दीड वर्षात तेवीस, आणि मग एकदम बंद.

इथवर गुंजनला जे ठाऊक, ते सगळं वाचकालाही ठाऊक आहे. एक गोष्ट सोडून, आणि ती गुंजननं स्वतःपासूनच लपवून ठेवली होती. पहिल्या बदलाची तारीख तिनं दोनदा वाचली. आता ती गोष्ट दडवण्यात अर्थ नव्हता.

“पार्वताबाईंना बोलवा,” ती म्हणाली.

पार्वताबाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, पांढऱ्या साडीतल्या. लॅपटॉप पाहिला आणि न सांगता स्टुलावर बसल्या.

“सिस्टर,” गुंजन म्हणाली, “तपासणी चुकली असती तर पुरुषांचीही चुकली असती. इथे फक्त लग्नाच्या मुली आहेत. म्हणजे हे यंत्राचं काम नाही, मुलींची दया येणाऱ्या माणसाचं आहे. ते माणूस मंगळवारी दुपारी या खोलीत एकटं असायचं. हिरालाल लाखांदूरला, अनुप आलेलाही नव्हता. लसी या खोलीतच असतात. आणि आजारी मुलं गावोगाव असतात, पण तुम्ही लाडू घेऊन नेमक्या याच सहा घरी जाता. ती माया आहेच. पण नुसती माया नाही.”

“नाई,” पार्वताबाई म्हणाल्या. “मीच केलं.”

हिरालाल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“काहून केलं ते बी इचारा,” त्यांचा आवाज चढला. “प्रतिक्षा नावाची पोरगी होती आमच्या गल्लीत. सात पाव्हने आले न् मोबाइल पाहून वापस गेले. गाव तिले पिवळी म्हनून हाका मारे. पोरगी घराबाहेर निघेना. म्या मुंबईले तीन चिठ्ठ्या लिवल्या. पोरीयचं रक्त चव्हाट्यावर कायले मांडता, बंद करा म्हनून. एका चिठ्ठीले जवाब आला. सूचनेची नोंद घेतली म्हने.”

“ते उत्तर माझं होतं,” गुंजन म्हणाली.

तिनं लॅपटॉप पार्वताबाईंकडे वळवला.

“तुमचा पहिला बदल आहे यादी खुली झाल्यावर एकोणिसाव्या दिवशीचा. शेवटचा आहे यादी बंद झाली त्या आठवड्यातला. नाव टाका, कार्डाचा रंग पाहा, ना कुलूप ना विचारणा. ती यादी मी खुली केली होती. अडीनडीला डॉक्टरला चटकन दिसावं म्हणून. शाबासकीही घेतली. तुमच्या चिठ्ठ्या मी वाचल्या होत्या सिस्टर. मला त्या किरकोळ वाटल्या.”

पार्वताबाईंनी पडद्यावरच्या तारखा वाचल्या. मग हळूच म्हणाल्या, “मले वाटलं, पांढरे पोरं लय हायेत. पोरीयले पांढरं घर भेटन. दोघाईतला एक पांढरा असला का लेकरू वाचते. मंग एवढ्या घरी लालच काहून झाले मॅडम?”

या प्रश्नाचं उत्तर गुंजनला सकाळीच तृप्तीच्या अंगणात मिळालं होतं.

“कारण पिवळ्या मुलांना आपणच बजावत होतो, पांढरीच मुलगी शोधा म्हणून. ते शहाण्यासारखे वागले. डोळ्यात तेल घालून कार्ड तपासलं आणि तुमच्या पांढऱ्या मुली निवडल्या. पांढऱ्या घरांनी एवढी चौकशी केलीच नसती. तुम्ही रंग बदललात आणि त्या मुली नेमक्या पिवळ्यांच्याच घरी गेल्या.”

पार्वताबाईंनी पदर तोंडात कोंबला. त्यांचं रडणं ऐकवत नव्हतं. त्यांना धीर देण्याचा आपल्याला काही अधिकार आहे, असं गुंजनला वाटेना. ती बाहेर आली आणि तिनं हेडाऊंना फोन लावला.

“हिरालालचा आदेश थांबवा. त्यांची चूक कॅलेंडरवर लिहिण्याएवढीच आहे. अहवालात दोन नावं येतील. नोंदी बदलल्याबद्दल पार्वताबाई. आणि त्यांना तिथवर ढकलल्याबद्दल मी.”

“मॅडम, तुमचं नाव कशाला? तुम्हाला कोण विचारतंय?”

“कोणी विचारलं नाही, म्हणून तर इथवर आलं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ऊन कलताना पार्वताबाई आणि हिरालालला घेऊन गुंजन तृप्तीच्या घरी गेली. पार्वताबाईंनी सुरुवात केली, पण ‘तुहं कार्ड’ यापुढे त्या गेल्या नाहीत. मग गुंजननंच सांगितलं. कार्ड पिवळं आहे. पांढरं सिस्टरांनी केलं. यादी मी खुली केली. हिरालालभाऊ आत्ता पुन्हा रक्त घेतील, उद्या सकाळी बाळाच्या तपासणीसाठी नागपूरला जायचं, मी सोबत येते. बाळ चांगलं निघण्याची आशा जास्त आहे, पण खात्री आज कोणीच देऊ शकत नाही. मुलगा आजारी पडला त्यात तुमचा काही दोष नव्हता. आमचा होता.

पार्वताबाई तृप्तीचे पाय धरायला वाकल्या, तशी ती मागे सरली.

“माहं कार्ड सासऱ्यानं पाह्यलं,” ती म्हणाली. “सिस्टरनं पाह्यलं. तुमी मुंबईत बसून पाह्यलं. रक्त माहं होतं न मॅडम? मंग मले एकटीलेच खरं कोनी काहून नाई दाखवलं?”

तिनं बाही वर सारली आणि रक्त घ्यायला हिरालालसमोर हात पुढे केला.